सोडलेली जागा

ही घटना खरी आहे. मी पदार्थविज्ञान शिकवतो, ध्वनी हा माझा विषय आहे, आणि पुरावा नसलेले विधान मी वर्गातही करत नाही. तुम्ही विश्वास ठेवावा असा माझा आग्रह नाही. मीही अजून ठेवलेला नाही.

रात्र नव्हती. अमावास्याही नव्हती.

मागच्या एप्रिलमधली भर दुपार होती आणि जागा होती जिंतूर तालुक्यातल्या बोरीजवळचे एक कापसाचे जिनिंग, म्हणजे सरकी वेगळी करण्याचा कारखाना. हंगाम संपलेला. यंत्रे बंद. भिंतींवर जाड थराने कापूस चिकटलेला, त्यामुळे आवाज घुमत नव्हता. ध्वनिमुद्रणासाठी इतकी शांत शेड मला जवळपास दुसरी सापडली नसती.

माझी धाकटी बहीण त्रिवेणी एका विज्ञानपटाला संगीत देत होती. तिचा पहिलाच चित्रपट. ध्वनिमुद्रण माझ्याकडे होते. त्यात एक प्रसंग असा होता: अंतराळयानात युगानुयुगे एकटे जागे असलेले यंत्र पहिल्यांदा माणसाचा श्वास ऐकते. त्या क्षणी सिंथेसायझरचा एक लांब, खर्जातला स्वर हळूहळू क्लॅरिनेटचा व्हायला हवा होता. यंत्र कुठे संपले आणि माणूस कुठे सुरू झाला, हे ऐकणाऱ्याला कळता कामा नये.

निर्मात्यांना संगणकावर तयार केलेला वाद्यवृंद हवा होता. त्रिवेणीला बोरीचा बँड हवा होता, लग्नात वाजणारा. ते फोनवर हसले. मग म्हणाले, सोमवारपर्यंत हा एक प्रसंग जमवून दाखवा. नाही जमला तर बँडही नाही आणि तुम्हीही नाही.

बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवत ते दत्तराव. हिवाळाभर त्यांनी तालमी केल्या होत्या. सिंथेसायझरसमोर बसून ते त्रिवेणीला चिडवत, "ताई, तुमच्या मशीनला दम लागत न्हाई. तेच तिचं दुखणं हाय."

फेब्रुवारीत ते झोपेतच गेले.

आता त्यांचा मुलगा सिद्धोधन वाजवणार होता. मंडळी अर्धवर्तुळात उभी राहिली. मधोमध एका माणसाची जागा मोकळी. या बँडची ती रीत आहे. गेलेल्या वादकाच्या जागी वर्षभर कोणी उभे राहत नाही. ध्वनीच्या दृष्टीने नेमकी तीच जागा उत्तम होती. मी तिथे मायक्रोफोन लावला आणि म्हणालो, रिकामी जागा वाया कशाला घालवायची.

सिद्धोधन क्लॅरिनेटची पत्ती ओली करत होता. "रिकामी न्हाई, सर. सोडलेली हाय."

भुताखेताचा प्रकार आहे का, असे मी विचारले. त्याला ते आवडले नाही.

"आमी बौद्ध माणसं. भूतबीत आमच्यात चालत न्हाई. हा मान हाय."

म्हणजे त्या शेडमध्ये भूत मानणारे कोणीच नव्हते. ही नोंद महत्त्वाची आहे.

सकाळपासून प्रत्येक प्रयत्न फसत होता. उन्हाने तापलेली वाद्ये चढी वाजत; सिंथेसायझर आपल्या पट्टीवरून हलत नसे. दोन्ही स्वर जवळ आले की त्यांच्यात थरथर उठे आणि सांधा उघडा पडे. यंत्राचा स्वर हाताने चढवला तर तो चढ कानाला कळे. त्रिवेणी जेवली नव्हती.

मग माझ्या एक गोष्ट लक्षात आली...

मधल्या मायक्रोफोनचा आवाज दबला होता. वरची, तीक्ष्ण कंपने गायब.

मी केबल तपासली. मायक्रोफोन बदलला. तरी तेच.

हा परिणाम मी दरवर्षी वर्गात दाखवतो. त्यासाठी मायक्रोफोनसमोर एक विद्यार्थी उभा करतो. शरीर तीक्ष्ण कंपने अडवते, खर्ज जाऊ देते.

इथे समोर कोणी नव्हते.

मी कोणाला काही सांगितले नाही. मोजमापातली चूक सापडेपर्यंत बोलू नये.

पुढचा प्रयत्न सुरू झाला. सिंथेसायझरचा स्वर लागला. सिद्धोधनने क्लॅरिनेट ओठांजवळ नेले... आणि लाईट गेली.

पंखे थांबले. स्पीकर बंद पडले. त्रिवेणीने सिंथेसायझरच्या पट्टीवरचे बोट उचलले.

स्वर थांबला नाही.

त्या शेडमध्ये कोणताही आवाज क्षणभरही रेंगाळत नव्हता. मी सकाळीच मोजले होते. हा रेंगाळला. मग चढू लागला... अतिशय सावकाश, यंत्राच्या पट्टीतून वाद्यांच्या पट्टीत. थरथर नाही. सांधा नाही. सिद्धोधनचे क्लॅरिनेट छातीशी होते. ओठ मिटलेले.

मग स्वर तुटला.

आणि त्या सोडलेल्या जागेतून... कोणीतरी श्वास घेतला.

कोणी पळाले नाही. सिद्धोधनचे डोळे भरले होते. पण त्याने क्लॅरिनेट उचलले आणि त्याच स्वरावरून पुढची ओळ धरली. मागोमाग सारा बँड वाजू लागला. अर्ध्या अंधारात त्यांनी तो तुकडा शेवटपर्यंत वाजवला.

रेकॉर्डर बॅटरीवर होता. सगळे उतरले.

निर्मात्यांना तुकडा आवडला. फक्त मधला तो श्वास काढून टाका, असे ते म्हणाले.

"श्वास राहील," त्रिवेणी म्हणाली. "तो नको असेल तर काहीच घेऊ नका."

श्वास राहिला.

श्रेयनामावलीत सिद्धोधनने आपल्याआधी वडिलांचे नाव घालायला सांगितले. निर्मात्यांकडून लिहून आले, 'कालकथित दत्तराव'. बौद्ध घरांत गेलेल्या माणसाच्या नावाआधी हा शब्द लावतात. सिद्धोधन म्हणाला, तेवढा शब्द काढा.

मी त्याला म्हणालो, अरे, भूत तर तू मानत नाहीस.

"न्हाईच मानत, सर. पण त्या दिवशी वाजवलं कुणी? वाजवणाऱ्याला कालकथित कसं म्हणू?"

शब्द काढावा का, हे निर्मात्यांनी ध्वनिमुद्रक म्हणून मला विचारले. मी कळवले की तो शब्द लावण्याइतका पुरावा माझ्यापाशी नाही. शास्त्रीयदृष्ट्या हे विधान अचूक आहे. शब्द निघाला.

पत्र्यांतला वारा, दूरचे जनरेटर, रेकॉर्डरमधला बिघाड, सर्व शक्यता मी तपासल्या. एकही टिकली नाही. त्यामुळे भूत सिद्ध होत नाही. माझ्या शक्यता अपुऱ्या होत्या, एवढेच सिद्ध होते.

म्हणून दिवाळीआधी, नवा कापूस यायच्या अगोदर, मी एकटा त्या शेडमध्ये गेलो. ऊन लख्ख होते. मायक्रोफोन त्याच जागी लावला, हेडफोन चढवले आणि मोठ्याने म्हणालो, "दत्तराव, असाल तर पुराव्यानिशी या. मी हलणार नाही."

दारात चिमण्या भांडत होत्या. आवाज स्वच्छ, तीक्ष्ण.

मग...

चिमण्यांचा आवाज दबला. वरची, तीक्ष्ण कंपने गायब.

मी हललो नाही. केबल तपासायलाही उठलो नाही.