घोट्यावरचा अंगठा

भरदुपारची गोष्ट आहे, म्हणून कोणाला खरी वाटत नाही. मी डॉक्टर. मुलुंडला घरी बसून व्हिडिओवर पेशंट बघते. पत्ता आणि शेजाऱ्याचा नंबर आधी घ्यायचा, शंका आली तर फोनवर औषध द्यायचं नाही, एवढी शिस्त पाळते. त्या दिवशी जेवण झालं होतं, घर शांत होतं, मी मजेत होते.

वर्सोव्याहून लूर्डस आंटींचा कॉल आला. सत्तरीच्या बाई. पलंगावर पाय पसरून बसलेल्या, फोन समोर टेकवलेला.

“खोकला गं बाय, बाकी काय नाय. आडवी झाली का जास्त येतो.”

“सोबत कोण आहे?”

“कोण असणार? मी एकटीच.”

मी खोकल्याचं औषध लिहायला घेतलं. इतका वेळ ऐकू येणारी त्यांच्या पंख्याची घरघर एकदम थांबली. पातं मात्र फिरतच होतं. मग स्क्रीनच्या कडेने एक हात आत आला. म्हातारा, सुरकुतलेला. त्याने आंटींचा गाऊन हळूच वर सरकवला, घोट्यावर अंगठा ठेवला आणि दाबून धरला. आंटी माझ्याकडेच बघत होत्या.

हात गेला. कातडीत खोल खळगा राहिला. भरेचना.

“आंटी... तुमच्या पायाशी कोण आहे?”

त्यांनी खाली बघितलं. “कोण नाय... पाय मात्र सुजलाय गं.”

तरी डोकं चाललं. सूज, आडवं झाल्यावर खोकला... हे हृदयाचं होतं.

“हे फोनवर नाही होणार. आत्ताच्या आत्ता हॉस्पिटलात जायचं.”

कॉल चालू ठेवून मी त्यांच्या शेजारच्या एल्रॉयला फोन लावला. तो त्यांना रिक्षात घालून घेऊन गेला. फुफ्फुसात पाणी भरलं होतं. अजून थोडा उशीर झाला असता तर वाचल्या नसत्या, असं तिथले डॉक्टर म्हणाले.

पुढच्या महिन्यात आंटी स्वतः माझ्या घरी आल्या, सुके बोंबील घेऊन. चेहरा टवटवीत. मला इतकं बरं वाटलं की हाताचा विषयच काढला नाही. चहा पिता पिता त्यांनी खोलीभर नजर फिरवली.

“ती म्हातारी सिस्टर नाय आली आज?”

“कोण सिस्टर?”

“त्या दिवशी तुझ्या खुर्चीमागं उभी होती ना. सारखी माझ्या पायांकडं बघत होती.”

माझी खुर्ची भिंतीला चिकटलेली असते. मी तसं सांगणार, तोच आंटी माझ्या खांद्यावरून पलीकडे बघून ओळखीचं हसल्या.

“ही काय... आली.”