हातोडीचं डोकं उडालं कसं?

“रागाच्या भरात फेकलंत तुम्ही! उद्यापासून कामावर येऊ नका!”

मामांच्या आवाजानं सुतारकामाचा अख्खा कारखाना दणाणला. नव्या कपाटाच्या आरशाचा चक्काचूर झाला होता. काचांमध्ये हातोडीचं लोखंडी डोकं पडलं होतं, आणि दहा हातांवर म्हातारे मिस्त्री नुसता दांडा धरून उभे होते.

“मालक, खिळा ठोकताना निसटलं हो.”

“निसटलेलं डोकं पायाशी पडतं, उडत नाही! सकाळी सुट्टी नाकारली, त्याचा राग काढलात!”

मिस्त्री डब्याची पिशवी शोधू लागले.

दाराआड तिघं पोरं उभी होती. मामांचा मुलगा प्रोफेसर, त्याची धाकटी बहीण शेंडेफळ, आणि सुट्टीला आलेली भाची टिल्ली. टिल्लीचा हात खिशात होता.

“बाबांचं काहीतरी चुकतंय!” प्रोफेसर कुजबुजला. “शेंडे, स्वयंपाकघरातून बटाटा आण!”

“भाजी करणार?”

“पळ आधी!”

त्यानं काठीच्या टोकावर बटाटा सैलसा खोचला आणि सगळ्यांसमोर काठी जोरात फिरवून मध्येच थांबवली. बटाटा सुसाट गेला, तो थेट मामांच्या टेबलावरच्या चहात!

“अरे गाढवा!”

“बघितलंत बाबा? हात थांबला, पण बटाटा वेगात होता, तो कशाला थांबतोय! तो समोर सरळ गेला. डोक्याचंही तसंच!”

मामांनी शर्टावरचा चहा पुसला. “पण तुझा बटाटा सैल होता. मिस्त्री रोज सकाळी दांड्याचं बूड बाकावर आपटून हातोडी तपासतात. काय हो मिस्त्री, आज तपासली नव्हतीत?”

“तपासली,” मिस्त्री हळूच म्हणाले. “डोकं घट्ट वाटलं. मग सुटलं कसं, देव जाणे.”

मिस्त्रींनी पिशवी खांद्याला लावली.

काल खेळगाडीसाठी खोक्याचे खिळे उपटायला टिल्लीनं गुपचूप हीच हातोडी नेली होती. तेव्हाच दांड्याच्या माथ्यात ठोकलेली, डोकं घट्ट धरणारी छोटी पाचर निघून आली. परत बसेना, म्हणून तिनं ती खिशात टाकली आणि हातोडी जागेवर टांगली. मामा रागावले असते ना! आणि आता?

“थांबा!” तिनं खिशातली मूठ बाहेर काढून उघडली. “पाचर माझ्याकडे आहे. काल माझ्याच हातून निघाली.”

मिस्त्रींनी पाचर बोटांत फिरवली.

“असं होय! बूड आपटलं की दांडा थांबतो, पण जड डोकं खाली सरकून घट्ट बसतं. म्हणून मी फसलो. धरून ठेवायला पाचर नव्हतीच! दहा-बारा घावांत डोकं ढिलं झालं.”

मामा खाली मान घालून उभे राहिले. “मिस्त्री, न विचारताच मी तुम्हाला दोषी ठरवलं. माफ करा. कामावर येत राहा. मागितलेली सुट्टीही घ्या.” मग ते पोरांकडे वळले. “शाब्बास रे प्रोफेसर! आणि टिल्ले, तुझ्या धाडसाला खरंच...”

“मला नको शाब्बासकी, मामा.” तिचे डोळे भरून आले. “ते पिशवी शोधत होते ना, मला तेव्हाच सांगता आलं असतं.”

मिस्त्रींनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

“उशीर केलास, हे खरं बाळ. पण मी घरी जाऊन बायकोला काम गेल्याचं सांगायच्या आत बोललीस.”

टिल्ली मग हुंदके देऊन रडली.