हरवलेली चार अक्षरं

"एक पाटी चोरीला गेली आहे, आणि लोक म्हणतात ती मीच चोरली," खुर्चीत बसण्याआधीच ती मुलगी म्हणाली. "माझीच पाटी!"

टाचणीबाईंनी चष्मा कपाळावर सरकवला. हे काही त्यांचं खरं नाव नव्हे, पण खाजगी गुप्तहेर म्हणून सारं शहर त्यांना याच नावाने ओळखायचं. जिथे तिथे घुसणार आणि टोचणार! शेजारी त्यांचे धाकटे दीर बसले होते. बँकेतून निवृत्त झाल्यापासून ते वहिनींचे मदतनीस झाले होते. म्हणजे वहिनींची पिशवी सांभाळायची आणि दर वेळी चुकीच्या माणसावर संशय घ्यायचा.

"आधी बसा तरी," भाऊजी म्हणाले. "पाटी सोन्याची होती का?"

"पत्र्याची."

भाऊजींचा उत्साह मावळला. टाचणीबाईंचा वाढला.

मुलगी एका इंग्रजी शब्दकोशाच्या कार्यालयात सहसंपादक होती, तीही अजून कच्ची. तिला कायम करायचं की घरी पाठवायचं, ते दुसऱ्या दिवशीच्या बैठकीत ठरणार होतं. त्याच बैठकीत एका स्पेलिंगचाही निकाल लागायचा होता. शब्द 'थ्रू', म्हणजे आरपार. शाळेत त्याची सात अक्षरं घोकून घेतात. लोक मात्र मोबाइलवर, दुकानांवर बिनधास्त चारांत उरकतात: टी, एच, आर, यू.

"कोश म्हणजे पोलीस नव्हे," मुलगी तावातावाने म्हणाली. "लोक कसं लिहितात ते नोंदवायचं, हे आमचं काम. पण आखूड स्पेलिंग निदान दोन पिढ्या टिकलंय, याचा पुरावा लागतो. तो मला जुन्या वस्तूंच्या दुकानात मिळाला. 'नो थ्रू रोड', म्हणजे पुढे रस्ता नाही, असं सांगणारी इनॅमलची पाटी, आणि तिच्यावर चार अक्षरी थ्रू! आता ती गायब आहे. मुख्य संपादकबाईंना वाटतं, पाटी बनावट होती आणि पितळ उघडं पडेल म्हणून मीच लपवली. असा शिक्का बसला की कुठला कोश मला दारात उभं करणार?"

भाऊजींनी घाईघाईने पाण्याचा पेला पुढे केला.

"फोटो आहे?" टाचणीबाईंनी विचारलं.

होता. वहीएवढी निळी पाटी, पांढरी अक्षरं, कडांना गंज. चार कोपऱ्यांत चार भोकं, आणि त्यांच्याभोवतीचं इनॅमल अगदी चकचकीत.

"काय जपून ठेवलीय हो!" भाऊजी म्हणाले. वहिनींनी फोटो डोळ्यांजवळ नेला.

"कधी गेली?"

"तेच कळत नाही. कपाट रोजच्यासारखंच दिसत होतं. परवा पाटीची पेटी काढायला गेले तेव्हा पेटीच नव्हती."

कोशाचं कार्यालय म्हणजे लांबलचक खोली आणि तिच्या टोकाला पुराव्यांचं उघडं कपाट. जुनी वेष्टनं, डबे, पाट्या, सगळं चपट्या पेट्यांत घालून पुस्तकांसारखं उभं, एकमेकांना टेकून. हरवलेल्या पेटीच्या जागी तेवढ्याच जाडीचा एक लाकडी ठोकळा होता. भाऊजींनी तो उपसला.

"वहिनी, आपल्या डुगडुगणाऱ्या टेबलाखाली हा फिट्ट बसेल."

"ठेवा तो जागेवर."

संगणक सांभाळणारा गृहस्थ हसला. "घेऊन जा हो, लाकडी कचरा नुसता. पूर्वी पेटी बाहेर काढली की तिची जागा धरायला ठोकळा ठेवायचे. मी आलो आणि ती भानगड बंद केली. आता सगळं स्कॅन होतं. नव्या लोकांना तर हे ठोकळे कशाचे तेही ठाऊक नाही."

बोलता बोलता त्याने स्कॅन करायला एक पेटी ओढली. शेजारच्या तीन पेट्या धाडकन आडव्या झाल्या.

"रोजचंच आहे," म्हणत त्याने त्या उभ्या केल्या. "आणि मला विचाराल तर, थ्रू सात अक्षरांत लिहा नाही तर सत्तर. माझं काय जातंय?"

मुख्य संपादकबाई दुसऱ्या कोशातून अलीकडेच आल्या होत्या. त्यांचा चेहरा ओढलेला होता.

"मुलीचं वाटोळं व्हावं असं मला का वाटेल? पण या कोशावर लोक डोळे मिटून विश्वास ठेवतात. पाटीच नाही म्हटल्यावर मी तरी कशावर विश्वास ठेवू?"

राहिले सगळ्यांत जुने संपादक. वाद कोणताही असो, शेवटी टेबलावर बोट आपटून ते "पूर्णविराम!" म्हणायचे, म्हणून नावच पूर्णविराम पडलेलं. ते नुकतेच येत होते. खांद्यावरच्या फुगलेल्या दप्तराने एका बाजूला पार झुकले होते.

"आणा, मी घेतो," भाऊजी पुढे झाले.

"राहू द्या!" म्हाताऱ्याने दप्तर पोटाशी धरलं. "सवय आहे मला."

"चार अक्षरी थ्रू तुम्हाला चालेल?" टाचणीबाईंनी विचारलं.

"माझ्या हयातीत नाही. आज थ्रू कापला, उद्या नाइट कापतील, परवा अख्खा कोश पाकिटात मावेल. पूर्णविराम!"

"म्हणजे मुलगी गेली की तुम्ही सुटलात."

म्हातारा चपापला. "ती का म्हणून जाईल? असं बारीक बघणारं माणूस इथे कितीतरी वर्षांत आलं नव्हतं. तिला म्हणावं, त्या पाटीचा नाद सोड. दुसरे पुरावे शोध. सापडतील."

"तुम्हीच का नाही सांगत?"

"थ्रूवरून भांडलो तेव्हापासून आमचं बोलणं बंद आहे," ते पुटपुटले आणि वळले.

जिन्यात भाऊजींनी वहिनींना गाठलं. "हाच तो! एक नंबरचा शत्रू!"

"शत्रू असता तर काम सोपं होतं, भाऊजी. चला, दुकानात जाऊ."

दुकानात जुन्या पाट्यांचा ढीग होता. भाऊजींनी एक उचलली आणि ओरडलेच. भोकाभोवतीचं इनॅमल उडालं होतं, आणि उघड्या पडलेल्या गंजक्या पत्र्याने बोट ओरबाडलं होतं. टाचणीबाईंनी दिराच्या बोटाला रुमाल बांधला आणि खालच्या पाट्या एकेक करून पाहिल्या. सगळ्यांची भोकं तशीच.

"त्या मुलीची पाटी ना? एकदम अस्सल," दुकानदार म्हणाला. "कारखान्याच्या फाटकावर जन्म गेला तिचा. स्क्रू असे गंजले होते, मी स्वतः पिळून पिळून काढले."

"आपल्याला काय हवंय ते तिने आधी सांगितलं होतं?"

"हो तर! किती दिवस खेपा घालत होती. म्हटलं, शोधतो. माझ्याकडे सांगून ठेवलं की वस्तू मिळतेच."

"हो, दिसतंय खरं," टाचणीबाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी बैठकीच्या टेबलाभोवती सगळे जमले. मुलगी टोकाला बसली होती, हात मांडीत घट्ट धरून.

"पाटी बनावट आहे," टाचणीबाईंनी सुरुवात केली.

मुलीचा चेहरा पांढराफटक पडला. मुख्य बाईंनी सुस्कारा सोडला.

"पण हिला ते माहीत नव्हतं. इनॅमल काचेसारखं ठिसूळ असतं. पाटी स्क्रूने आवळली की भोकाभोवती ते उडतंच. आमच्या भाऊजींना विचारा."

भाऊजींनी रुमालातलं बोट अभिमानाने वर केलं.

"दुकानदार म्हणतो, गंजलेले स्क्रू पिळून काढले. फोटोत मात्र भोकांना ओरखडासुद्धा नाही. पाटी कधी कुठे लागलीच नव्हती. मुलगी काय शोधतेय ते त्याने ऐकलं आणि तसा माल बनवून दिला, कडांना गंज लावून. त्याच्याकडे मी नंतर बघते."

"मग चोरी कोणी केली?" संगणकवाल्याने विचारलं.

"तुम्ही नक्कीच नाही. तुम्ही पेटी ओढलीत तेव्हा शेजारच्या तीन कोसळल्या. या पेटीच्या जागी मात्र कोणी ठोकळा ठेवला होता. म्हणून तर हिच्या लवकर लक्षात आलं नाही. नव्या लोकांना ठोकळा कशासाठी ते ठाऊक नाही, आणि बाई बाहेरून आलेल्या. चोर कधी जागा धरून ठेवतो का? ज्याने आयुष्यभर पेटी काढली की ठोकळा ठेवला, त्याचा हात चोरी करतानाही आपसूक तेच करणार."

सगळ्यांच्या नजरा एकाच दिशेला वळल्या. पूर्णविराम मान खाली घालून बसले होते.

"म्हणजे मी बरोबर होतो," भाऊजी कुजबुजले.

"अर्धे! पाटी खोटी हे यांनी ओळखलं होतं, म्हणून तर 'त्या पाटीचा नाद सोड' म्हणाले. हिला हरवायचं असतं तर यांनी बैठकीत पाटी बनावट आहे एवढंच म्हणायचं होतं. स्पेलिंगही गेलं असतं आणि मुलगीही. यांनी पाटी लपवली, कारण हिला वाचवायचं होतं. आता दप्तर उघडा, काका. किती दिवस वागवणार तो भार?"

म्हाताऱ्याने दप्तरातून चपटी पेटी काढून टेबलावर ठेवली.

"भिंगाखाली पाहिली आणि काळजात धस्स झालं," ते म्हणाले. "वाटलं, पाटी नसली की विषय पुढच्या वर्षावर जाईल. खापर हिच्याच डोक्यावर फुटेल असं मला काय ठाऊक! मग खरं सांगायचं, तर पाटी खोटी हेही सांगावं लागणार. जीभच रेटेना."

"फेकून का नाही दिलीत?" भाऊजींनी विचारलं.

"पुरावा फेकायचा नसतो. खोटा असला तरी."

मुलगी उठली.

"माझा पुरावा मी मागे घेते. पाटी खोटी आहे. मला ती इतकी हवी होती, की भोकांकडे मी पाहिलंच नाही. चूक माझी आहे."

मग मुख्य बाईंनी घसा खाकरला. "चूक माझीही आहे. न विचारता तुला दोषी धरलं. माफ कर. आता थ्रूचं काय करायचं?"

"त्याला वर्षभर थांबू दे," पूर्णविराम म्हणाले. "हिला थांबवू नका." आणि तिला कायम करण्यासाठी सगळ्यांत आधी त्यांनीच हात वर केला. बाकीचे हात पाठोपाठ वर गेले.

मुलीने डोळे पुसले आणि पेटी उचलून त्यांच्यासमोर आली. बऱ्याच दिवसांनी ती त्यांच्याशी बोलत होती.

"काका, पुढच्या वर्षी खरा पुरावा आणीन."

"आण. मी कडाडून भांडेन."

"पूर्णविराम?"

म्हातारा पहिल्यांदाच हसला. "छे गं. स्वल्पविराम."