गोलातली रिकामी जागा

पटलं तर घ्या, नाहीतर सोडून द्या. पण हे मला कुणी सांगितलेलं नाही. माझ्या डोळ्यांसमोर घडलंय.

गेल्या डिसेंबरातली गोष्ट. राहुरीजवळ आमची वसाहत आहे, कृषी विद्यापीठातून निवृत्त झालेल्या लोकांची. चहूबाजूंनी ऊस. थंडीत सकाळी इतकं धुकं असतं की समोरचं फाटक दिसत नाही.

माझे वडील, अजिनाथ सर, मातीचं शास्त्र शिकवायचे. आई गेल्यावर मी त्यांच्याजवळ राहायला आले. त्यांना माझी तशी गरज नव्हती. त्यांना हास्यक्लब होता.

रोज उजाडता उजाडता सगळे सभागृहामागच्या मैदानात जमायचे. हात धरून गोल करायचा आणि हसायचं. शेवटी मौन हास्य. डोळे मिटायचे, तोंड उघडायचं, पण आवाज काढायचा नाही. मी बाबांना यावरून खूप चिडवायचे.

क्लबचा एक रिवाज होता. कुणी सदस्य वारला की दहाव्यापर्यंत गोलातली त्याची जागा रिकामी ठेवायची. शेजारच्या दोघांनी त्या जागेकडे हात तसेच धरून उभं राहायचं. दहाव्याला सगळ्यांनी त्याचं नाव घ्यायचं आणि म्हणायचं, "निघा आता." मग हात जुळवायचे, की गोल बंद. क्लबच्या अध्यक्षा मुक्ताबाई मॅडम यांनी हा रिवाज घातला होता. मला तो आवडायचा.

घोटाळा झाला तो हनुमंत सरांच्या बाबतीत.

हनुमंत सर म्हणजे बाबांचे जिवलग. गोलात कायम बाबांच्या उजव्या हाताला. ते गावी, नेवाशाकडे गेले होते. एका सकाळी क्लबच्या ग्रुपवर त्यांचा फोटो आला. खाली भावपूर्ण श्रद्धांजली.

आयुष्यभर नमुना दोनदा तपासल्याशिवाय सही न करणारी ही माणसं, पण कुणी खात्री केली नाही. एकामागून एक सगळ्यांनी हात जोडले. बाबांनी एकदा फोन लावला, तो बंद होता. मग ते बसून रडले.

दुसऱ्या दिवसापासून जागा रिकामी ठेवली.

बाबा क्लबवरून आले आणि उजवा हात चोळत बसले. "सायली, हात गार पडलाय बघ."

थंडीच आहे, मी म्हटलं.

"नाही गं... कुणीतरी धरला होता. हनुमंतच असणार."

ते घाबरले नव्हते. उलट बरं वाटलं होतं त्यांना. म्हणून मीही वाद घातला नाही. रोज ते जायचे आणि रोज हात गार घेऊन यायचे.

मग एका संध्याकाळी त्यांचा फोन वाजला. आवाज इतका मोठा होता की मला स्वयंपाकघरात ऐकू आला.

"अजिनाथा, मला मारलं व्हय रं तुमी? आमचा थोरला भाऊ गेला, जालिंदर. फोटू माझा टाकला कुणीतरी. मी हाय अजून."

बाबा हसले, रडले, पुन्हा हसले. फोन ठेवला.

उजव्या हाताकडे बघत म्हणाले, "मग हा हात... रोज कुणाचा धरत होतो मी?"

हनुमंत सर परतले त्या सकाळी मीही बाबांबरोबर गेले. कुणीतरी जिलेबी आणली होती. सरांची यथेच्छ चेष्टा झाली. मग गोल करायला सगळे उभे राहिले. मी बाहेर बाकावर बसले.

सर आपल्या जागेवर उभे राहिले. हात पुढे केला.

बाबांच्या हातापर्यंत तो पोहोचेना.

दोघांच्या मधे एक माणूस मावेल एवढी जागा राहत होती. मुक्ताबाई मॅडमनी सगळ्यांना पुढे सरकायला सांगितलं. सगळे सरकले. गोल लहान झाला.

मधली जागा तेवढीच.

मी उठून जवळ गेले. बाबांची बोटं पांढरी पडली होती... कुणीतरी आवळून धरल्यावर पडतात तशी. पलीकडे सरांचा डावा हातही तसाच ताठ.

"सोडंना रं हा," सर हळूच म्हणाले. त्यांचे ओठ काळेनिळे पडत होते.

मॅडम म्हणाल्या, नाव घेऊन निरोप द्यावा लागेल. पण कुणाचं नाव? जागा हनुमंत सरांच्या नावाने ठेवलेली. जिवंत माणसाला 'निघा' कसं म्हणायचं?

"जालिंदरदादा, निघा आता," सगळे म्हणाले.

काही झालं नाही.

सर पुढे झुकले, हात मात्र तसाच ताणलेला. आणि तेव्हा... त्या मधल्या जागेतून हसू आलं. अगदी बारीक. बाकी सगळ्यांची तोंडं मिटलेली होती.

बाबांनी एकदा सरांकडे बघितलं. मग मान खाली घालून शांतपणे म्हणाले, "अजिनाथ, निघा आता."

हात सुटले. सर मटकन खाली बसले. लोकांनी त्यांना उचललं, पाणी दिलं.

घरी येताना मी बाबांवर भयंकर चिडले. हे काय करून बसलात, म्हणून विचारलं.

"त्याला नातवंडं आहेत. माझं काय, मी एकटाच."

"आणि मी?"

ते पुढे चालत राहिले. मला तेव्हा खूप रडू आलं होतं.

त्यानंतर काहीच झालं नाही. बाबा जेवतात, झोपतात, पेपर वाचतात. फक्त दोन्ही हात गार असतात.

पण दुसऱ्या दिवशी मी क्लबवर गेले तेव्हा गोल सहज बंद झाला. हनुमंत सरांचा हात थेट मुक्ताबाई मॅडमच्या हातात. बाबा त्यांच्या मागे उभे होते, हात पुढे करून. कुणी वळून बघितलं नाही. सरांनीसुद्धा नाही.

तेव्हापासून मी रोज जाते. मॅडमच्या शेजारी उभी राहते आणि बाबांना ओढून आत घेते.

परवा मौन हास्य संपलं आणि मॅडम माझ्याजवळ आल्या. पाठीवरून हात फिरवला.

"सायली, अजिनाथ सरांचा दहावा होऊन गेला गं. आता शेजारची जागा मोकळी ठेवू नकोस."

मी बाबांचा हात धरून उभी होते. त्यांनी तो घट्ट दाबला.

आत्ता हे लिहितेय तेव्हा ते आत चहा पितायत. कपबशीचा आवाज येतोय.

तो थांबला की मी उठून बघते.