उलटं पान

कपाटाची कडी नीट लागत नाही, ही तक्रार नवऱ्यानं रविवारी दुपारी केली. ती भिंतीकडे तोंड करून झोपली होती. ‘टक्’ असा बारीक आवाज झाला म्हणून तिनं वळून पाहिलं, तर तो कपाटाच्या उघड्या दाराआड उभा होता.

“कडी लागत नाहीये गं,” तो म्हणाला. “झोप तू.”

लोखंडाच्या सगळ्या दुखण्यांवर आपल्याकडे औषध आहे अशी तिची खात्री होती. उद्या कचेरीतून तेलाची कुपी आणायची असं ठरवून तिनं कूस बदलली.

कचेरीत तिला सगळे भिंग म्हणत. पोलिसांनी पकडलेली हत्यारं तपासून ती कुठली, कधीची आणि कुणाकुणाच्या हातून गेली, हे सांगणं तिचं काम. एकाच कारखान्याच्या एकाच बंदुकीचे दहा प्रकार निघतात: शिकारीसाठी लांब नळीचा, राखणीसाठी आखूड नळीचा, कुठं लाकडी दस्ता, कुठं काळ्या प्लास्टिकचा. चोर लोक एकाचं डोकं दुसऱ्याच्या धडावर बसवतात आणि ती पाच मिनिटांत त्यांचं पितळ उघडं पाडते. तिला याचा अभिमान होता आणि तो ती लपवतही नसे.

सोमवारी टेबलावर आलेली बंदूक पुढची मूठ मागेपुढे सरकवून काडतूस भरायची, त्या जातीची होती. एका भागीदारानं दुसऱ्याच्या छातीवर रोखून चाप ओढला, पण बार उडालाच नाही, म्हणून दुसरा भागीदार आज जिवंत. अंगावरचा नंबर कानशीनं घासून टाकलेला.

“जुनी शिकारी दिसतेय,” साहेब जाताजाता म्हणाले. “लाकडी दस्ता, लांब नळी.”

“साहेब, लाकडावर जाऊ नका. आतलं बघा.” तिनं बंदूक उताणी केली. काडतूस वर उचलणारी पट्टी जुन्या प्रकारात अखंड असायची. काडतुसं अडकायला लागली तेव्हा कारखान्यानं तिच्या मधोमध खाच पाडली. इथं खाच होती. “ही नवी राखणीची. म्हाताऱ्याचे कपडे घालून फिरतेय.”

“तुझ्यापुढे कुणाची डाळ शिजायची नाही,” साहेब हसले. “संध्याकाळपर्यंत अहवाल दे.”

घासलेल्या जागी तिनं औषध फिरवलं. वरचा धातू गेला तरी ठोक्याचा दाब खाली राहतो, आणि हळूहळू नंबर वर आला. पहिलं अक्षर वर्षाचं. तिचा अंदाज अचूक होता. ती खूश झाली आणि नळीवरच्या खुणा बघायला तिनं पुढची मूठ काढली.

मुठीखाली, नळीच्या पोटावर, नखाएवढं एक पान उमटलेलं होतं.

ते पान तिनं झोपेतही ओळखलं असतं. तिचे वडील, अप्पा, बंदुका दुरुस्त करायचे, आणि काम संपलं की कुणाला दिसणार नाही अशा जागी हा ठसा मारायचे. ठशाची एक शीर तुटलेली, कारण लहानपणी तिनंच तो फरशीवर पाडला होता. इथंही तीच शीर तुटलेली होती. आता दुकान धाकटा भाऊ चालवत होता. नंबर घासलेल्या बंदुकीवर दुकानाचा ठसा, म्हणजे भावाचा परवाना जाणार आणि पाठोपाठ तोही आत जाणार. नियमानं तिनं तिथंच काम दुसऱ्याकडे सोपवायला हवं होतं. तिचं काळीज मात्र भावापाशी अडकलं होतं.

आणि पान उलटं होतं. देठ वर.

याचा अर्थ ती आणि भाऊ सोडून कुणालाच ठाऊक नव्हता. गिऱ्हाईक ही बंदूक माणसावर चालवणार असा वास आला, की अप्पा काडतुसाच्या टोपीवर आपटणारी सुई केसभर घासून आखूड करायचे आणि पान उलटं मारायचे. चाप ओढला तर आवाज व्हायचा, बार नाही. तुम्हाला कसं कळतं, असं तिनं एकदा विचारलं होतं. “बंदूक कशी धरतो ते बघायचं नाही,” अप्पा म्हणाले होते. “घरच्या माणसाचं नाव काढताना कशी धरतो, ते बघायचं.”

दारू आणि छर्रे काढलेलं, नुसती टोपी जिवंत ठेवलेलं काडतूस तिनं भरलं आणि चाप ओढला.

टक्.

टोपीवर उथळ खळगा पडला होता. हा आवाज तिनं नुकताच कुठंतरी ऐकला होता. लोखंडावर लोखंड आपटलं की असाच आवाज येतो, असं म्हणून तिनं तो विचार झटकला. पण दुसरा विचार झटकता येईना. ही बंदूक कारखान्यातून बाहेर पडली, तेव्हा अप्पांना जाऊन बरीच वर्षं झाली होती.

दुपारी ती दुकानात गेली. भाऊ दस्त्याला पॉलिश करत बसला होता.

“ताई! जेवलीस का?”

“हातोडी घे. या पत्र्यावर कुठलाही ठसा मार.”

“अगं, पण झालं काय?”

“मार म्हणते ना.”

त्यानं ठोका दिला. तिनं भिंग लावलं. भाऊ उजव्या हाताचा, त्याचा ठसा उजवीकडे खोल गेला होता. बंदुकीवरचं पान डावीकडे खोल होतं. अप्पा डावरे होते. तिचा जीव भांड्यात पडला आणि मग तिनं सगळं सांगितलं.

भावानं पॉलिशचा बोळा खाली ठेवला. “म्हणजे मी सुटलो?”

“तू सुटलास. तसं मी लिहून देणार आहे, पुढचं ज्याला तपासायचं त्यानं तपासावं.”

“मग मारलं कुणी? ठसा तर अप्पांच्या माघारी तूच नेलास, ताई. तुझ्या कपाटात आहे.”

“तेच बघायला चाललेय. कुणीतरी तो काढून वापरतंय, आणि डावरं आहे. इतकं सोपं आहे ते.”

“घरात तू आणि भाऊजी,” भाऊ म्हणाला. “आणि भाऊजी डावरे नाहीत.”

ती तशीच निघाली. घराशी पोचली तोच नवऱ्याचा फोन आला. संध्याकाळी किती वाजता येशील, असं त्यानं विचारलं. असं तो कधी विचारत नसे. नेहमीसारखीच येईन, ती म्हणाली, आणि घराच्या फाटकाशी उभी असताना आपण असं का म्हणालो, हे तिचं तिलाच कळलं नाही.

घर बंद होतं. ऊन अजून पलंगापर्यंत आलेलं होतं. कपाटाच्या वरच्या कप्प्यात फडक्यात गुंडाळलेला ठसा जिथल्या तिथं होता. गाठ तिचीच. आत गंज, आणि गंजावर धूळ. तो कित्येक वर्षांत कुणी वापरला नव्हता.

आलोच आहोत तर कडीला तेल घालू, म्हणून तिनं कुपी काढली. कडी लावली, काढली. पुन्हा लावली.

तेल न घालताच कडी लोण्यासारखी सरकत होती.

खालच्या कप्प्यात नवऱ्याची बंदूक उभी होती. घर गावाच्या टोकाला, म्हणून मागच्या वर्षी घेतलेली. तिनंच निवडून दिलेली. नवा, राखणीचा, आखूड नळीचा प्रकार, पट्टीला खाच असलेला. तो ती नेहमी रिकामी ठेवायचा. निदान तसं सांगायचा.

तरी हातात घेतलेली बंदूक आधी रिकामी करायची, ही तिची सवय. तिनं मूठ मागे ओढली.

एक काडतूस उडून फरशीवर पडलं आणि घरंगळत पलंगाखाली गेलं.

तिनं ते उचललं नाही. आधी नळीखालचं झाकण फिरवलं, मूठ काढली आणि नळी उन्हात धरली.

पान होतं. उलटं. डावीकडे खोल. इतकं ताजं, की कडेची बारीक धार बोटाला टोचली.

तिला खूप भीती वाटली. आणि तितकीच, लहान मुलीसारखी, अप्पांची आठवण आली.

बाहेर कुलपात किल्ली फिरली.

ती गुडघ्यांवर बसली, पलंगाखाली हात घातला आणि काडतूस बाहेर काढलं. टोपीच्या मधोमध उथळ खळगा होता.

“लवकर आलीस?” नवरा दारात उभा होता. त्याची नजर तिच्यावरून फरशीवरच्या नळीवर गेली आणि तिथंच थांबली.

“कपाटाची कडी नीट लागते,” ती म्हणाली.

सवयीनं तिनं काडतूस उजेडाकडे फिरवलं. पहिल्या खळग्याला चिकटून, किंचित बाजूला, आणखी एक खळगा होता.

रविवारी तिनं एकच आवाज ऐकला होता.