एकसारखी चूक

तराफ्याला नाव काय द्यायचं, यावरून भांडण हातघाईवर आलं होतं. दुर्बिणीला ‘विजयवीर’ हवं होतं, फुग्याला ‘जलपरी’. टिटवीचं म्हणणं असं, की जो तराफा काल दोनदा बुडाला, त्याला ‘पाणबुडी’ म्हणावं आणि मोकळं व्हावं.

दुर्बीण म्हणजे टिटवीचा थोरला भाऊ, जाड भिंगांचा चष्मा लावणारा. फुगा त्यांचा मामेभाऊ. तो शाळेच्या बँडमध्ये बिगूल वाजवायचा आणि वाजवताना गाल असे फुगवायचा, की समोरच्याने आपणहून मागे सरकावं. टिटवीला टिटवी का म्हणत, हे तिच्याजवळ पाच मिनिटं बसलेल्या कुणालाही कळत असे. तिघंही सुट्टीत मावशीकडे आली होती. फुग्याची ती आत्या. तिच्या परसाच्या भिंतीपलीकडे सैनिकांची दफनभूमी होती. राखलेलं गवत, पांढऱ्या दगडांच्या रांगा आणि भरदुपारीही दाटून राहिलेली शांतता.

इतक्यात भिंतीपलीकडून बिगूल वाजू लागला.

तिघंही भिंतीकडे वळली. कुणाला तरी निरोप दिला जात होता. सूर सावकाश वर चढत गेला, आणि अगदी टोकाला पोचता पोचता मोडला. रडू दाबून बोलणाऱ्या माणसाचा आवाज घशात अडकावा, तसा. क्षणभर काहीच नाही. मग तोच सूर पुन्हा उचलून धून हळूहळू खाली उतरली. टिटवीच्या अंगावर सरसरून काटा आला. ज्याला तिने कधी पाहिलंही नव्हतं, त्या माणसासाठी तिचे डोळे भरून आले.

दोरीवर कपडे वाळत घालणारी मावशी ओला टॉवेल हातात धरून तशीच उभी होती. टॉवेलचं पाणी तिच्या पायांवर ठिबकत होतं.

“हे वाजवतायत,” ती म्हणाली.

मावशी काकांचं नाव कधी घेत नसे. तिचं ‘हे’ म्हणजे काका. काका लष्करात बिगूल वाजवायचे, आणि त्यांना जाऊन दोन वर्षं होऊन गेली होती.

व्हरांड्यात बसलेल्या मामाने पेपर खाली ठेवला. मामा म्हणजे फुग्याचे बाबा. “ताई, पुन्हा सुरू झालं का तुझं?” तो म्हणाला. त्याचा आवाज चांगला मऊ होता, आणि टिटवीला त्याचीच जास्त भीती वाटली. “पुरे झालं हे एकटं राहणं. रविवारी सैनिकांचा स्मृतिदिन झाला की माझ्याबरोबर शहरात चल. घराला गिऱ्हाईक बघतोय मी. डॉक्टरांशीही बोललोय.”

मावशीने टॉवेल दोरीवर टाकला. संध्याकाळी भांडी विसळताना मात्र तिने एकदम विचारलं, “टिटवे, खरं सांग. मला वेड लागलंय का गं?”

“नाही गं,” टिटवी म्हणाली आणि तिच्या हातातलं ताट पुसायला घेतलं.

“या घरातला एकेक खिळा यांनी ठोकलाय,” मावशी पातेल्याकडे बघत म्हणाली. “इथून मला नका रे हलवू कुणी.”

पुढच्या वेळी बिगूल वाजला तेव्हा तिघं भिंतीवर पोट टेकून तयारच होती. पलीकडे काळ्या कपड्यांतली माणसं उभी होती. थोडा बाजूला, गणवेशातला उंच बिगूलवाला. धून वर चढली. मोडली. क्षणभर थांबली. उतरली.

“तिथेच मोडला,” टिटवी कुजबुजली. “आणि अगदी तसाच.”

“तिथे अडखळायची सवय असेल त्याला,” दुर्बीण म्हणाला.

“छे! चुकांचं मला विचार,” फुगा म्हणाला. “चुका करण्यात माझा हात कुणी धरणार नाही. एका जागी मी दहादा चुकतो, पण दर वेळी नवी चूक. कधी सूर फाटतो, कधी चिरकतो, कधी नुसतीच हवा निघते. तीच चूक हुबेहूब पुन्हा करणं कुणाच्या बापाला जमायचं नाही.”

दुर्बिणीने चष्मा पुसून पुन्हा लावला. “त्याचे गाल हललेच नाहीत. मानेची शीरसुद्धा फुगली नाही.”

“मी तर बीट होतो वाजवताना,” फुगा म्हणाला. “आणि शेवटी त्याने बिगूल उलटा करून झटकलाही नाही. आत थुंकी साठते, झटकावीच लागते.”

“शी,” टिटवी म्हणाली. पण तिचं लक्ष दुसरीकडेच होतं. “तो वाजवत नाही, तर मग वाजवतंय कोण?”

माणसं पांगली होती. ताज्या मातीवरची फुलं वाऱ्याने हलत होती. तिघांनाही एकच उत्तर सुचलं, आणि ते तोंडावर आणायची कुणाचीच छाती झाली नाही.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत बिगूलवाला फाटकाबाहेर पडला, तसा दुर्बीण पहाऱ्याला उभा राहिला आणि बाकीची दोघं दफनभूमीच्या कोपऱ्यातल्या खोलीत शिरली. दाराला नुसती कडी होती. आत ओल्या मातीचा आणि पितळेच्या पॉलिशचा वास कोंडला होता. भिंतीला फावडी टेकलेली, खुर्च्या एकावर एक रचलेल्या, आणि टेबलावर हिरव्या कापडावर तो बिगूल.

फुग्याने त्याच्या तोंडात डोकावलं. “आत काहीतरी बसवलंय.”

साबणाच्या वडीएवढी काळी पेटी होती, आणि तिला एक बटण. फुगा ‘थांब’ म्हणेपर्यंत टिटवीने ते दाबलंसुद्धा.

आधी काहीच झालं नाही. मग टेबलावर पडलेला बिगूल आपोआप वाजू लागला. कुणाचा हात नाही, कुणाचे ओठ नाहीत, आणि ती धून खोलीभर पसरत चालली. हे यंत्र आहे, हे दोघांनाही कळत होतं. तरी दोघं मागे मागे सरकत फावड्यांना जाऊन टेकली. बटण पुन्हा दाबावं, हे टिटवीला सुचलंच नाही. सूर वर चढला आणि मोडायचा तिथे मोडला.

दारात कुणीतरी श्वास रोखला. मावशी उभी होती, पिठाच्या हातांनी तशीच धावत आलेली. तिला परत न्यायला आलेला मामा तिच्यामागे धापा टाकत होता, आणि दोघांच्याही मागून दुर्बीण हातवारे करत होता. “शिट्टी मारली मी! कुणी ऐकेल तर शपथ.”

मामाने बिगुलाकडे पाहिलं. मग बहिणीकडे. “ताई, हा तर आपोआप वाजतोय!”

मावशीने पुढे येऊन, तापलेल्या कपाळावर ठेवावा तसा बिगुलावर हात ठेवला. “जन्मात एकदाच यांचा सूर मोडला,” ती म्हणाली. “जिवलग मित्राला इथेच निरोप देताना. मी शेजारी उभी होते. घरी येऊन जेवले नाहीत. म्हणाले, त्याला धड निरोपसुद्धा देता आला नाही मला. शेवटपर्यंत ती बोच होती त्यांच्या मनात.”

तेवढ्यात डबा घेऊन बिगूलवाला परतला. खोलीतली गर्दी बघून त्याचा चेहरा उतरला. त्याने काही लपवलं नाही.

“वाजवता येतं हो मला,” तो म्हणाला. “पण एकदा ऐन वेळी माझा सूर फाटला. इथले साहेब म्हणाले, लाज काढलीस, यापुढे पेटीच लावायची. इथल्याच कुठल्याशा निरोपाची जुनी ध्वनिफीत सापडली, ती भरली पेटीत. वाजवणारा कोण, हे कुणी विचारलंच नाही.”

“पण यातही सूर मोडलाय की,” दुर्बीण म्हणाला. “तो साहेबांना ऐकू आला नाही?”

“साहेब तेव्हा फोनवर असतात,” बिगूलवाला म्हणाला.

दुर्बिणीने ओढून दिलेल्या खुर्चीवर मावशी बसली. “म्हणजे जो कुणी इथे येईल, त्याच्यासाठी हे पुन्हा पुन्हा तेच दुःख भोगतायत.” तिने डोळे पुसले, त्यामुळे गालाला पीठ लागलं. “रविवारी तुम्ही वाजवा. स्वतः.”

“आणि सूर फाटला तर, बाई?”

“फाटू दे. माणूसच वाजवतोय म्हटल्यावर फाटेल एखादा.”

मग रविवारपर्यंत मावशीच्या परसात तालीम चालली. फुगा मास्तर झाला होता आणि आपल्याहून दुप्पट उंच शिष्याला ‘गाल, गाल’ म्हणून ओरडत होता. मामा साहेबांकडे जाऊन आला. “फोन बंद करायला लावला आणि पेटी ऐकवली त्यांना,” तो म्हणाला. “एकदा ऐकून पुन्हा लावायला सांगितली. शेवटी म्हणाले, रविवारी त्यालाच वाजवू दे.” घराच्या गिऱ्हाइकाला नाही म्हणायचा फोन त्याने सगळ्यांसमोर केला.

स्मृतिदिनाला दफनभूमी भरून गेली. छातीवर पदकं लावलेले म्हातारे होते, बायका होत्या, कडेवरची पोरं होती. बिगूलवाला पांढराफटक पडला होता. त्याने ओठ लावले आणि धून वर चढू लागली. ती जागा जवळ आली तशी टिटवीने मावशीचा हात घट्ट धरला. सूर टोकाला पोचला आणि अख्खाच्या अख्खा पार गेला. मावशीने सोडलेला श्वास टिटवीला ऐकू आला.

आणि मग, अगदी शेवटाजवळ, कुणाच्या ध्यानीमनी नसताना, एक सूर जरासा चिरकला.

फुग्याने टिटवीला कोपराने ढोसलं. त्याच्या गालांवरून पाणी ओघळत होतं. “नवी चूक आहे,” तो पुटपुटला. “म्हणजे खरं आहे.”

कुणी हललं नाही. पुढच्या रांगेतला एक म्हातारा सलामीचा हात खाली घ्यायला विसरला होता. बिगूलवाल्याने बिगूल उलटा केला आणि झटकला.

नंतर साहेबांनी स्वतः येऊन तिघांशी हात मिळवले. “तुमचे कान भलतेच तिखट आहेत,” ते म्हणाले. “आमचे असून नसल्यासारखे. शाबास!” मामा बहिणीसमोर मान खाली घालून उभा राहिला. “माझी चूक झाली, ताई.”

“नवी की जुनी, बाबा?” फुग्याने विचारलं, आणि मावशी कितीतरी दिवसांनी खळखळून हसली.

ती काळी पेटी बिगूलवाल्याने तिच्या हवाली केली होती. रुमालात गुंडाळून ती मुठीत धरून मावशी घराकडे निघाली. फाटकापाशी टिटवीने हळूच विचारलं, “मावशी, घरी गेल्यावर लावायची?”

“नको गं,” मावशी म्हणाली. “मेल्यावरसुद्धा ड्युटीवर होते बिचारे. आज कुठे सुट्टी मिळालीय यांना.”