साहेबांची जुनी खुर्ची

किरणं मोजायचा मीटर खुर्चीजवळ नेला आणि तो कोकलायलाच लागला.

तपासनीस बाईंनी सगळ्यांना बाहेर पिटाळलं. लांब चिमट्याने गादी उसवली. आत किरणोत्सारी गोळी, तांदळाच्या दाण्याएवढी. ती शिशाच्या भांड्यात बंद करून त्यांनी साहेबांना आत बोलावलं.

यंत्रात बसवलेल्या या गोळीच्या किरणांनी इथे कारखान्यात लोखंडी पाइपांच्या जोडांचे फोटो काढायचे. ती हरवल्याचं साहेबांनी दाबून ठेवलं होतं. आणि खुर्चीवर बसणारा धाकटा मदतनीस आता दवाखान्यात होता. मांडी काळी पडलेली. डॉक्टर पाय कापायचं म्हणत होते.

"खुर्ची त्याला कुणी दिली?"

"मीच. माझी नवी आली. म्हटलं, बिचाऱ्याला होईल."

"बसा ना, साहेब."

"नको. मूळव्याधीने छळलंय."

बाहेर कुणीतरी खुसकन हसलं.

"यंत्रातून गोळी काढायला कुणाला जमतं?"

"मला आणि थोरल्याला. धाकट्याचा सख्खा भाऊ."

"गोळी गेली कधी?"

साहेब चाचरले. नवी खुर्ची यायच्या आदल्या दिवशी. तेव्हापासून चिमटा न् शिशाचं भांडं त्यांनी कुलपातच ठेवलं होतं.

कामगार मात्र थोरल्यावर खार खाऊन होते. धाकटा जरा टेकला की हा खेकसायचा, ऊठ, कामाला लाग. भावाला बसलेलं बघवायचं नाही म्हणे. जेवतानाही उठवायचा.

बाईंनी साहेबांना आणि थोरल्याला समोर उभं केलं.

"साहेब, ही मूळव्याध नाही. तुम्हीही एक दिवस या गोळीवर बसलात. स्वतः ठेवली असती तर बसला नसता. म्हणजे ती तुमच्यासाठीच होती." त्या थोरल्याकडे वळल्या. "उरलास तू. दुसऱ्याच दिवशी खुर्ची भावाकडे गेली. चिमटा मागितला असता तर पकडला गेला असतास. म्हणून नुसता उठवत राहिलास."

थोरल्याने हातमोजे काढले. चार बोटांना नखंच नव्हती.

"आमचे किरणं मोजायचे बिल्ले हा साहेब कपाटात ठेवायचा. किती किरणं अंगात गेली ते दिसू नये म्हणून. हात दाखवले तर म्हणाला, नाटकं करू नकोस."

"आणि भाऊ? एक शब्द बोलला असतास तर?"

"जेलात गेलो असतो." तो खुर्चीकडे बघत राहिला. "मी उठवायचो, बाई. तो परत बसायचा. म्हणायचा, दादा, मऊ आहे रे."

बाईंचा फोन वाजला. दवाखान्यातून होता. धाकट्याला शुद्ध नव्हती. पाय कापायला घरच्या माणसाचा होकार हवा होता.

बाईंनी फोन थोरल्याच्या हातात दिला.